डॉक्टर, रात्री पाय गप्प बसत नाहीत

मागच्या अंकात किडनीच्या पेशंटनी दिवसाला पाणी किती प्यावं यावर लिहिलं होतं आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून, एक ओळ टाकलेली की रात्री पाय वळवळत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. झालं. पाण्याबद्दल आली दोन पत्रं आणि पायांबद्दल नुसता ढीग, व्हॉइस मेसेज वेगळेच, एका काकांनी तर स्वतःच्या पायांचा व्हिडिओ पाठवला तोही रात्री पावणेतीनला. म्हणजे हे दुखणं बऱ्याच घरांत आहे पण बोलत कोणी नाही, कारण डायलिसिसवाल्या माणसाच्या तक्रारींच्या यादीत पाय फार खाली येतात आणि डॉक्टरही आपणहून विचारत नाहीत. मी पण बरीच वर्षं विचारत नव्हते, आधीच कबूल करते. म्हणून ह्या खेपेला फक्त पाय. पत्रांतली नावं काढली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आमचे हे ५६ वर्षांचे, आधी खाणीवर ट्रक चालवायचे, दोन वर्षं झाली आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. रात्री झोपले की अर्ध्या तासात पाय मारायला सुरुवात. लाथ म्हणता येणार नाही पण पाय आखडून वर येतो आणि परत सरळ होतो. ह्यांना काही माहीतच नसतं, सकाळी म्हणतात मी तर गाढ झोपलेलो, आणि दिवसभर पेंगत असतात. मी आता खाली चटई टाकून झोपते. सासूबाई म्हणतात दिष्ट लागली, नणंद म्हणते फिट आहेत, गूगल बघ. नक्की काय आहे हे? (डिचोली)

उत्तर: ताई, दिष्ट नाही आणि बहुतेक फिट पण नाही. आज रात्री एक करा, घड्याळ घेऊन पायथ्याशी बसा. आधी पायाचा अंगठा वर उचलला जाईल, मग घोटा वाकेल, कधी गुडघा, कधी पार मांडीपर्यंत, एक-दोन सेकंद पाय तसाच ताठ आणि मग सुटेल. मग शांत. तुम्हाला वाटेल संपलं, आणि वीस-तीस सेकंदांनी तस्संच परत, जसं काही कोणी आत बसून मोजतंय. फिट असं घड्याळ लावून येत नाही. ह्याला पिरिऑडिक लिंब मूव्हमेंट म्हणतात, झोपेत ठराविक वेळानं होणारी हातापायांची, मुख्यतः पायांची, हालचाल. डॉक्टरी हिशेबात अर्धा ते दहा सेकंदांची एक हालचाल, दोनांमध्ये पाच ते नव्वद सेकंदांचं अंतर आणि अशा लागोपाठ निदान चार झाल्या की ती एक माळ धरायची. मोठ्या माणसात तासाला १५ च्या वर गेल्या तर जास्त. आता तुमच्या ह्यांच्या दर तीस सेकंदाला एक धरल्या तर तासाला १२० होतात! म्हणून ते पेंगतात. माणूस उठून बसत नाही पण बऱ्याच हालचालींबरोबर मेंदू दोन-तीन सेकंद वर येऊन परत बुडी मारतो, सकाळी त्याची आठवण राहत नाही, थकवा मात्र राहतो.

आणि पाय एकटा हलत नाही. पाय हलतो त्याच वेळी, कधी त्याच्या जरा आधीच, हृदयाचे ठोके वाढतात आणि वरचं प्रेशर वीसेक पॉइंटनी चढून काही ठोक्यांत परत खाली येतं. एकदा झालं तर काहीच नाही, जिना चढताना ह्याच्याहून जास्त चढतं. पण रात्र ही प्रेशरची सुट्टी असते, निरोगी माणसाचं प्रेशर झोपेत दिवसापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी उतरतं आणि हृदयाला तेवढाच आराम. किडनीच्या पेशंटचं हे रात्रीचं उतरणं बऱ्याचदा मुळातच बिघडलेलं असतं, अंगात मीठ-पाणी साचलेलं असतं म्हणून, आणि त्यात वर हे धक्के. जास्त प्रेशरविरुद्ध पंप करून करून हृदयाची डावी भिंत जाड होते, इको केला की रिपोर्टात एलव्हीएच असं लिहून येतं ते हेच. डायलिसिसच्या पेशंटमध्ये ते फार दिसतं आणि त्यांच्यात मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हृदयच आहे, म्हणून मी ह्या पायांकडे नुसती झोपमोड म्हणून बघत नाही.

तरी घाबरायचं नाही, उलटी बाजूही सांगते. साठीनंतर अशा लाथा अगदी ठणठणीत माणसांतही सापडतात, आणि दिवसा फ्रेश असलेल्या माणसाला फक्त पाय हलतात म्हणून आम्ही गोळी देत नाही. तुमचे पेंगतात म्हणून तपासायचं. मोबाइलवर पंधरा मिनिटांचा व्हिडिओ काढा, पांघरूण बाजूला करून, आणि त्यात आवाज पण येऊ द्या कारण मला जास्त ऐकायचंय ते त्यांचं घोरणं. घोरता घोरता श्वास थांबतो आणि मग खर्रकन घेतात, असं होतंय का? तो स्लीप अॅप्निया, किडनीच्या पेशंटमध्ये तोही भरपूर, कारण दिवसभर पायात साचलेलं पाणी आडवं झाल्यावर वर मानेकडे सरकतं आणि घशाची वाट अरुंद करतं. श्वास परत सुरू होतानाही पाय झटकतो, त्यामुळे दिसायला दोन्ही सारखंच पण उपाय एकदम वेगळे. त्यासाठी एक रात्र स्लीप स्टडी करावी लागते, डोक्याला, छातीला आणि नडगीच्या स्नायूवर वायरी चिकटवून झोपायचं. हे होईपर्यंत त्यांना स्कूटर चालवायला देऊ नका. ट्रक ड्रायव्हर माणूस, ऐकणार नाही माहीत आहे, चावी लपवा.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, वय ६८. क्रिएटिनिन ३.८, डायलिसिस अजून नाही. संध्याकाळी सात वाजले की पोटऱ्यांच्या आत वाळवी फिरल्यासारखं होतं. दुखत नाही, पण बसवत नाही. उठून चाललो की गेलं, बसलो की परत आलं. आमच्या देवळाच्या जत्रेला नाटक असतं, पडदा उघडतो रात्री अकराला, ह्या वर्षी पहिल्या अंकातच उठून मागे फेऱ्या मारत बसलो. पायांचा डॉप्लर केला, नॉर्मल. कॅल्शियम खाल्लं, बी-१२ ची इंजेक्शनं घेतली. आता घरचे म्हणतात मनाचे खेळ. एका डॉक्टरनी झोपेसाठी डिप्रेशनची गोळी दिली तर वाळवी दुपारपासूनच सुरू झाली. (फोंडा)

उत्तर: गुरुजी, "वाळवी फिरते" हे इतकं अचूक आहे की मी ते उचलणार आहे, पुढच्या पेशंटला समजावायला. तुमच्या पत्रात अख्खं निदान लिहिलेलं आहे. पाय हलवायची अनावर ओढ लागते का, बसल्या-पडल्यावर वाढते का, चाललं की थांबते का, आणि संध्याकाळ-रात्री जास्त होते का? चारही हो असतील आणि त्याला दुसरं साधं कारण नसेल तर तो रेस्टलेस लेग्स सिंड्रोम, म्हणजे पायांची बेचैनी. वरच्या ताईंच्या ह्यांचं झोपेत, नकळत होतं, तुमचं हे जागेपणी. ह्याचं निदान गप्पांतूनच होतं, कुठल्याही स्कॅनमध्ये तो दिसत नाही, त्यामुळे डॉप्लर नॉर्मल आला ह्याचा अर्थ रक्तवाहिन्या ठीक आहेत इतकाच, मनाचे खेळ असा नाही. रक्तवाहिनी तुंबली असती तर उलटं झालं असतं, चालताना दुखलं असतं आणि थांबल्यावर बरं वाटलं असतं. डायबिटीसनं नसा गेल्या तर जळजळ होते पण ती फेऱ्या मारून जात नाही. आणि गोळा आला तर पोटरीत दगडासारखा हाताला लागतो.

घरच्यांना सांगा, हे नवं फॅड नाही. इंग्लंडच्या थॉमस विलिस ह्या डॉक्टरनं १६७२ सालीच असे पेशंट लिहून ठेवलेत आणि तो त्यांना अफू द्यायचा. मग पावणेतीनशे वर्षांनी, १९४५ मध्ये, कार्ल एकबोम ह्या स्वीडिश डॉक्टरनं त्याला आजचं नाव दिलं. मधल्या काळात काय झालं असेल तर पेशंटना मनाचे खेळ म्हणून घरी पाठवलं असेल, दुसरं काय.

तुमच्या पत्रातला मोठा धागा म्हणजे ती डिप्रेशनची गोळी. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी हे पाय भडकतात. तशीच उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड, तशीच खाजेवर आणि सर्दीवर देतात ती झोप आणणारी अविलसारखी गोळी, आणि किडनीवाल्यांना खाज असतेच त्यामुळे ही गोळी घरोघरी डब्यात पडलेली असते. स्वतःच्या मनानं काही बंद करू नका पण सगळ्या गोळ्या, डब्यासकट, पिशवीत घालून तुमच्या किडनीच्या डॉक्टरपुढे ओता आणि विचारा की ह्यातली पायांना नडणारी कुठली.

दुसरा धागा लोह. मेंदूत डोपामिन ह्या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं काम चालायला लोह लागतं, ते तिथं कमी पडलं की पाय वळवळतात, आणि किडनीच्या आजारात पोटातून लोह नीट आत घेतलंच जात नाही म्हणून नुसत्या टॉनिकनं भागत नाही. इथं एक फसगत आहे. तुम्ही रिपोर्ट बघाल, फेरिटिन भरपूर, म्हणाल लोह आहे की! फेरिटिन म्हणजे गोदामाबाहेरची पाटी, आणि किडनीच्या आजारात अंगात बारीक सूज कायम असते तिच्यामुळे ती पाटी फुगवून लिहिलेली असते. आतला माल दुकानापर्यंत पोचतोय की नाही ते ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ह्या तपासणीत कळतं. ते २० टक्क्यांच्या खाली असलं तर शिरेतून लोह द्यायचं का ह्याचा विचार डॉक्टर करतील, आणि ते दिल्यावर सगळ्यांचे नाही पण बऱ्याच जणांचे पाय शांत होतात.

तोवर संध्याकाळचा चहा-कॉफी बंद. झोपायच्या आधी पोटऱ्या ताणा, कोमट पाण्यात पाय ठेवा, काहींना उलट गार पाणी मानवतं, करून बघा. आणि नाटकाला कडेची खुर्ची धरा. डोकं गुंतलं की पाय जरा विसरतात, त्यामुळे मला खरं तर तुम्ही पहिल्या अंकात उठलात ह्याचं नवल वाटलं, नाटक तेवढं चांगलं नसावं.

प्रश्न: डायलिसिस चालू आहे. रात्री पायात गोळे येतात. केळं आणि शहाळ्याचं पाणी घेतलं तर जातात म्हणे, खरं का? (म्हापसा)

उत्तर: नको! हा सल्ला शेजारी सगळ्यांना देतात आणि किडनी चांगली असलेल्याला तो चालूनही जातो, पण तुमच्या अंगातून पोटॅशियम बाहेर पडायची वाटच बंद आहे. केळं आणि शहाळं दोन्ही पोटॅशियमनं भरलेली. ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि त्याची आगाऊ सूचना मिळेलच असं नाही. डायलिसिसवाल्यांचे गोळे बऱ्याचदा मशीननं अंगातलं पाणी फार भराभर ओढल्यानं येतात, म्हणजे उपाय दोन डायलिसिसच्या मध्ये कमी पाणी आणि कमी मीठ हाच आहे, सुकं नुस्तं, म्हणजे सुकी मासळी, आणि लोणचं आधी ताटातून काढा. पाऊस लागला की सुक्या बांगड्याशिवाय पेज उतरत नाही हे मला सांगू नका, मी पण इथलीच आहे.

लोणच्यावरून आठवलं म्हणून अजून एक. स्टार फ्रूट, आपल्याकडे ज्याला करमलां म्हणतात, परसात झाड असतं आणि मुलं मीठ लावून खातात. किडनीच्या पेशंटनी ते फळ, रस, लोणचं काहीही तोंडात घालू नये. त्यातलं विष किडनी बाहेर टाकते, किडनी नसेल तर ते मेंदूत पोचतं, आधी न थांबणारी उचकी, मग बरळणं, मग फिट, आणि माणसं गेलेली आहेत. असं कोणी खाल्लं आणि उचकी लागली तर वाट बघत बसू नका, तडक डायलिसिस असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असो नाहीतर जवळचं जे असेल ते, आणि गेल्या गेल्या आधी फळ खाल्ल्याचं सांगा.

प्रश्न: वय ३४. डायलिसिस संध्याकाळच्या शिफ्टला. तिसरा तास लागला की पाय असे काही सुरू होतात की खुर्ची फोडावीशी वाटते. हात हलवायचा नाही, सुया टोचलेल्या, उठायचं नाही, मग मी माझ्या जबाबदारीवर म्हणून सही करतो आणि मशीन काढायला लावतो. सिस्टर ओरडतात. पण घरी जाऊन चाललो की बरं वाटतं. एक तास कमी झाल्यानं असा काय फरक पडतो? (काणकोण)

उत्तर: माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करते. मी हे डोळ्यांनी बघितलंय, एक पोरगा होता, फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायचा, हात उशीवर अगदी देवासारखा स्थिर आणि चादरीखाली दोन्ही पाय सायकल मारल्यासारखे, हादरा बसून मशीनचा अलार्म वाजला की सगळा वॉर्ड त्याच्याकडे बघायचा, तो शरमेनं लाल व्हायचा. आम्ही त्याला चिडखोर म्हणायचो. त्याला विचारलं कोणीच नाही की तुला होतंय काय. तेव्हा तू उठून जातोस त्यात मला तुझा माज दिसत नाही. गुरुजींना आहे तोच हा रेस्टलेस लेग्स, डायलिसिसवर असलेल्यांत चार-पाच जणांत एकाला तरी हा त्रास असतो, म्हणजे तुझ्या शिफ्टला अजून कोणीतरी दात खाऊन बसलेला आहेच.

पण फरक काय पडतो विचारलंस तर हिशेब कर. दर वेळी एक तास, आठवड्याला तीन, महिन्याला बारा-तेरा तास, म्हणजे महिन्यातली तीन अख्खी डायलिसिस तू केलीच नाहीस. आता पाण्याचं बघ. तुझं वजन ६० किलो धरू आणि अंगात तीन लिटर पाणी जास्त आहे. चार तासांत काढलं तर तासाला पाऊण लिटर, हृदयाला झेपतं, ६० किलोच्या माणसाची मर्यादा साधारण तिथंच आहे. तेच तीन तासांत काढायचं तर तासाला लिटर, मग प्रेशर धाडकन पडतं, गोळे येतात, हृदयाच्या स्नायूला त्या वेळेपुरतं रक्त कमी पडतं आणि परत परत असं झालं की तो स्नायू ढिला पडत जातो. आणि काढलंच नाही तर ते पाणी अंगात राहतं, प्रेशर चढतं, फुप्फुसात उतरतं. पोटॅशियम पण पूर्ण निघत नाही. त्यात आठवड्यातून एकदा दोन दिवसांचा लांब गॅप येतो, सगळ्यात धोक्याचा काळ तोच, आणि तू त्या गॅपमध्ये अर्धं धुतलेलं रक्त घेऊन शिरतोस. रात्रीच्या झोपेत पाय हलून हृदयाचं काय होतं ह्याच्यावर मोठमोठी चर्चा चालते, पण तुझ्यासारख्याच्या बाबतीत पाय हृदयाला सगळ्यात जास्त नडतात ते ह्या मार्गानं, उठून जायला लावून.

म्हणून सही करायच्या आधी ह्या गोष्टी माग. पहिली म्हणजे सकाळची शिफ्ट. हे दुखणं घड्याळ बघून येतं, सकाळी सगळ्यात कमी असतं, आणि बऱ्याच जणांचं नुसत्या शिफ्ट बदलानं निभतं. काणकोणहून सकाळी निघायचं म्हणजे पहाटे उठणं आलं, तरी विचार. खुर्चीपुढे पेडल ठेवून डायलिसिस चालू असताना सायकल मारायची सोय काही ठिकाणी असते, ती अशा पायांना मस्त लागू पडते, आणि पेडल नसलं तर पायथ्याच्या फळीवर तळवे दाबून सोड, दाबून सोड, पोटऱ्या आवळ, फिस्टुलाचा हात सोडून सगळं चालेल. लोहाची तपासणी वर गुरुजींना सांगितली ती तुलाही, तुम्हाला तर लोह मशीनच्या नळीतूनच देता येतं, वेगळी सुई नको. खाज येते म्हणून डायलिसिसच्या आधी अविल टोचत असतील तर सिस्टरना सांग की मला पायांचा त्रास आहे, दुसरं काही देता येईल का विचारा. हे सगळं करूनही नाही झालं तर त्यासाठी औषधं आहेत, पुढच्या उत्तरात वाच. आणि तुझं वय बघता ट्रान्सप्लांटचं कुठवर आलंय? नवी किडनी चालायला लागली की बऱ्याच जणांचे पाय काही आठवड्यांत, काहींचे तर काही दिवसांतच, शांत होतात. इतकं दुसऱ्या कशानं होत नाही.

सिस्टरना मात्र आज सॉरी म्हण.

प्रश्न: मी पुण्याला असते, बाबा मडगावला, वय ७१, डायबिटीस, डायलिसिस सोमवार-बुधवार-शुक्रवार. त्यांना रेस्टलेस लेग्स आहे. मी वाचलं की त्यानं हार्ट अटॅक येतो, म्हणून हृदय वाचवायचं तर पायांची गोळी चालूच ठेवायला हवी ना? शेजाऱ्यांना प्रीगाबालिननं फरक पडला म्हणून बाबांनी दुकानातून तीच आणून सकाळ-संध्याकाळ सुरू केली. पाय थांबले. पण आता ते झोकांड्या खातात, दोनदा पडले, अधूनमधून बरळतात, हाताला झटके येतात. डायलिसिसच्या संध्याकाळी जरा ठीक असतात. वय झालं म्हणायचं का?

उत्तर: अगं, उत्तर तूच लिहिलंयस. डायलिसिसच्या संध्याकाळी ठीक असतात, कारण मशीन ती गोळी रक्तातून काढून टाकते! प्रीगाबालिन आणि तिची बहीण गॅबापेंटिन शरीरात मोडत नाहीत, जवळजवळ जशाच्या तशा लघवीतून जातात, लघवी नसेल तर साठत राहतात. शेजाऱ्याची किडनी चालते, बाबांची नाही, त्यामुळे शेजाऱ्याचा डोस बाबांना कित्येक पट पडतोय. झोकांड्या, बरळणं, झटके हे सगळं त्यातच बसतं. तरी आणखी काही नाही ना, साखर उतरली, पडून डोक्याला मार लागला, हे बघायला हवं म्हणून हा अंक वाचशील त्याच दिवशी फोन करून त्यांना किडनीच्या डॉक्टरकडे पाठव, गोळीचं पाकीट हातात देऊन.

औषध वाईट नाही हां. रेस्टलेस लेग्सला हल्ली ह्याच गोळ्या आधी देतात. पण डायलिसिसच्या पेशंटला गॅबापेंटिन सुरू करायची तर साधारण १०० मिलिग्रॅम, तीही डायलिसिस संपल्यावर, आणि मग डॉक्टर बघून वाढवतात. दुसरा गट प्रामिपेक्सोलसारख्या गोळ्यांचा, त्या पार्किन्सनलाही देतात. पहिले काही महिने इतक्या छान चालतात की पेशंट पाया पडतो, मग हळूहळू त्रास रात्रीचा संध्याकाळी, संध्याकाळचा दुपारी येतो आणि पायांवरून हातांवर चढतो, डोस वाढवला की अजून बिघडतो. आणि अशा गोळ्यांवर काहींना जुगाराची, खरेदीची अनावर ओढ लागते. आपल्याकडे तर मांडवी नदीत कॅसिनो उभेच आहेत, त्यामुळे मी ही गोळी लिहिली की घरच्यांना बाजूला घेऊन सांगते, बँकेच्या मेसेजवर लक्ष ठेवा. लोक हसतात. हसण्यावारी नेऊ नका.

आता हृदयाचं. डायलिसिसच्या पेशंटमध्ये ज्यांना हा पायांचा त्रास आहे त्यांना पुढे हृदयाची दुखणी आणि मृत्यू जास्त दिसले, असे पाठपुरावे इटलीत झालेत, तैवानमध्ये झालेत. म्हणजे तू वाचलंस ते हवेतलं नाही. पण पायांमुळे हृदय बिघडलं की ज्यांचं मुळातच सगळं जास्त बिघडलेलं, लोह कमी, डायबिटीस जुना, प्रेशर चढं, त्यांचेच पाय जास्त वळवळतात, हे अशा पाठपुराव्यातून सुटं करता येत नाही. पायांची गोळी दिल्यानं हार्ट अटॅक टळला असं कोणी सिद्ध केलेलं नाही. गोळी झोपेसाठी घ्यायची, दिवस नीट जावा म्हणून घ्यायची, ते कारण पुरेसं आहे. हृदयासाठी घेऊ नये. हृदयासाठी बाबांचं ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, परत ठरवून घे, दोन डायलिसिसमध्ये वजन किती वाढतं ते त्यांच्याकडून रोज फोनवर विचार, आणि एकदा चोवीस तासांचं प्रेशर मशीन लावून घे, दंडाला पट्टा बांधून घरी पाठवतात, दर वीस-तीस मिनिटांनी आपोआप मोजतं, फक्त फिस्टुला नसलेल्या हाताला बांधायचं. रात्रीचे आकडे दिवसाइतकेच किंवा वर असतील तर प्रेशरच्या गोळ्यांचं, पाण्याचं, घोरण्याचं सगळं परत बघावं लागेल. पट्टा आवळला की त्यांची झोप मोडेल आणि दुसऱ्या दिवशी तुला फोनवर बोलणी खावी लागतील, खा.

प्रश्न: झोप येत नाही आणि पाय ओढतात म्हणून रोज रात्री औषध म्हणून फेणीचा एक पेग घेतो, काजूच्या सीझनला उर्राक. किडनी ५० टक्के. चालेल ना? (पेडणे)

उत्तर: नाही चालणार. पेगनं झोप लागते लवकर पण दोन-तीन तासांत तो उतरतो आणि मग पाय दुप्पट जोरानं सुरू होतात, घोरणं वाढतं, रात्रीचं प्रेशर वाढतं, आणि वर सांगितलेल्या गोळ्यांपैकी एखादी कोणी देऊन ठेवली असेल तर दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. किडनी ५० टक्के आहे म्हणजे तुमच्या हातात अजून बरंच आहे, लोहाची तपासणी आधी करून घ्या, कदाचित तेवढ्यानंच भागेल. बाकी पत्रातला "औषध म्हणून" हा शब्द तेवढा मी खोडलाय.